मुक्तपतनासाठी ट्रॅकिंग सूट : बेतणे, शिवणे आणि पारखणे

विमानातून बाहेर पडल्यापासून पॅराशूट उघडेपर्यंतच्या काळाला मुक्तपतन म्हणतात, आणि या काळात हात मागे घेऊन, पाय ताणून व खांदे किंचित पुढे वळवून शरीराला खाली जाता जाता आडव्या दिशेनेही पुढे नेण्याच्या कौशल्याला स्कायडायव्हिंगच्या परिभाषेत ‘ट्रॅकिंग’ असे नाव आहे. सुमारे १३,००० फुटांवरून पोटावर आडवे होऊन पडणारा माणूस ताशी १९० ते २०० किलोमीटरच्या वेगाने खाली येतो व त्याला उघडण्याच्या उंचीपर्यंत मिनिटभराचा अवधी मिळतो. ट्रॅकिंगमध्ये उतरण्याचा वेग कमी होतो आणि कसलेला स्कायडायव्हर साध्या कपड्यांतही जितका खाली जातो जवळपास तितकाच पुढे सरकतो. ट्रॅकिंग सूट म्हणजे याच कौशल्याला कापडाची जोड देणारा, पॅन्ट व जाकीट असा दोन भागांचा पोशाख असून त्याच्या दुहेरी थरांमध्ये समोरच्या झडपांतून हवा शिरते, पाय व बाह्या फुगून टणक होतात, आणि शरीराचे क्षेत्रफळ वाढून पुढे जाण्याचे अंतर वाढते. हात व धड यांच्यामध्ये किंवा दोन पायांच्या मध्ये पंखासारखे कापड असलेला विंगसूट ही याहून वेगळी व बरीच पुढची पायरी आहे. उतरलेल्या प्रत्येक मीटरमागे विंगसूटमध्ये अडीच-तीन मीटर पुढे जाता येते, म्हणूनच अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेने, म्हणजे यूएसपीएने, त्यासाठी किमान २०० उड्यांची अट घातली आहे. प्रस्तुत लेखाचा विषय विंगसूट नाही, आणि ट्रॅकिंग सूट शिवता शिवता पायांमध्ये ‘थोडेसे’ कापड जोडण्याचा मोह ज्याला होईल त्याने तो तेथेच आवरावा.

ग्वाल्हेरच्या इंदरगंज परिसरात राहून असा सूट करू पाहणाऱ्याची परिस्थिती थोडी निराळी आहे. इंदरगंज चौकातून महाराज बाड्याकडे पायी जाता येते, आणि बाड्याच्या आसपासच्या बाजारांत कापड, चेन, वेलक्रो, नायलॉनच्या पट्ट्या व हे सारे जोडणारे कसबी शिंपी मिळणे अवघड नाही. १९२१ मध्ये बिर्लांनी उभी केलेली जियाजीराव कॉटन मिल बंद पडून बराच काळ लोटला असला तरी शिवणकामाची जाण या शहरातून गेलेली नाही. मात्र उडी मारण्याची जागा येथे नाही. आग्र्याचे पॅराट्रूपर्स प्रशिक्षण केंद्र रस्त्याने सुमारे १२० किलोमीटरवर असले तरी ते हवाई दलाचे आहे. हरियाणातील नारनौलजवळच्या बाछोद धावपट्टीवर नागरी स्कायडायव्हिंग चालते, आणि उज्जैनजवळच्या दताना धावपट्टीवर मध्य प्रदेश पर्यटन विभागाने स्कायडायव्हिंग महोत्सव भरवले आहेत, पण तेथे येणारे बहुसंख्य लोक प्रशिक्षकाच्या हार्नेसला जोडून घेतली जाणारी ‘टँडम’ उडी मारतात. स्वतःच्या परवान्यावर एकट्याने उडी मारणारे बहुतेक भारतीय थायलंड, दुबई, स्पेन किंवा अमेरिकेत शिकलेले असतात व पुन्हा तेथेच सरावाला जातात. तात्पर्य असे की, इंदरगंजात शिवलेला सूट जेथे वापरला जाणार ती जागा शेकडो वा हजारो किलोमीटर दूर आहे आणि तेथे पोहोचल्यावर बाही सैल करून घ्यायला शिंपी भेटणार नाही. म्हणून सूटाची जितकी पारख जमिनीवर करता येते तितकी सगळी घरीच पुरी झाली पाहिजे, हे या कामाचे पहिले सूत्र मानावे.

पोशाख आणि पॅराशूट यांचा मेळ घालणे हे स्वतंत्र काम आहे याचे मराठी वाचकाला परिचित असलेले उदाहरण पुण्याच्या पद्मश्री शीतल महाजन यांचे आहे. २००४ च्या एप्रिलमध्ये उत्तर ध्रुवावर उडी मारणाऱ्या महाजन यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये थायलंडमधील पटाया येथे सव्वाआठ मीटर लांबीची नऊवारी साडी नेसून सुमारे १३,००० फुटांवरून उडी घेतली. या उडीचे कौतुक साहसासाठी झाले आणि ते रास्तच होते. परंतु शिवणकाम करणाऱ्याने तिच्याकडे आणखी एका कारणासाठी पाहावे. इतके लांब, सुटे कापड अंगावर असताना त्यावर हार्नेस चढवायचा, पॅराशूटची कोणतीही मूठ झाकली जाऊ द्यायची नाही, कासोटा-पदर वाऱ्यात सुटू द्यायचा नाही, आणि तरीही हातपाय मोकळे ठेवायचे, हा सारा विचार जमिनीवरच पुरा करावा लागतो. ट्रॅकिंग सूट करणाऱ्यापुढे नेमका हाच प्रश्न असतो. फरक इतकाच की येथे कापड वाऱ्याला दूर ठेवण्याऐवजी त्याला आत घेण्यासाठी बेतलेले असते.

सूट बेतण्यापूर्वी तो ज्याच्याभोवती बसणार आहे त्या साधनाची माहिती हवी. खांदे, छाती व मांड्या यांना बांधणाऱ्या पट्ट्यांच्या संचाला हार्नेस म्हणतात आणि पाठीवरच्या ज्या पेटीत मुख्य व राखीव अशी दोन पॅराशूटे घडी करून ठेवलेली असतात तिला कंटेनर म्हणतात. आजच्या बहुतेक कंटेनरांत मुख्य पॅराशूट उघडण्यासाठीची मूठ पेटीच्या तळाशी, उजव्या नितंबाच्या वर, मागच्या बाजूला असते. ती ओढली की पायलट शूट, म्हणजे मुख्य पॅराशूटाला बाहेर खेचणारे छोटे कापडी छत्र, हातात येते व ते वाऱ्यात फेकायचे असते. मुख्य पॅराशूट बिघडले तर ते तोडून टाकण्याची मूठ छातीच्या उजव्या बाजूला आणि राखीव पॅराशूट उघडण्याची मूठ डाव्या बाजूला, हार्नेसच्या उभ्या पट्ट्यांवर असते. या तीन मुठी, छातीचा पट्टा आणि मांड्यांचे दोन पट्टे ही सहा ठिकाणे नेहमी दिसली पाहिजेत, चाचपता आली पाहिजेत आणि हवा भरल्यावरही झाकली जाता कामा नयेत. सूटाची संपूर्ण रचना या सहा ठिकाणांपासून सुरू करावी व नंतर उरलेल्या जागेत हवेचे कप्पे बसवावेत. उलट क्रमाने केलेला सूट दिसायला देखणा झाला तरी तो टाकून द्यावा.

मापाचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असून त्यावरच घरगुती सूट बहुधा फसतात. शिंप्याला उभ्या माणसाचे माप घेण्याची सवय असते, परंतु ट्रॅकिंग करणाऱ्याचे शरीर उभे नसते. नितंब किंचित वर, छाती थोडी पोकळ, हात शरीराच्या बाजूंनी मागे व पाय गुडघ्यांत ताठ अशा स्थितीत पाठीची लांबी उभ्या स्थितीपेक्षा वाढते आणि काखेतील कोन बदलतो. यासाठी माप देणाऱ्याने एका अरुंद बाकावर पालथे झोपून, हात व पाय बाकाबाहेर काढून उडण्याची स्थिती घ्यावी आणि मानेच्या मुळापासून कंबरेपर्यंत, कंबरेपासून टाचेपर्यंत, काखेपासून कंबरेपर्यंत व खांद्यापासून मनगटापर्यंतची मापे त्याच स्थितीत घ्यावीत. त्यानंतर दोन्ही हात डोक्याच्या वर पूर्ण ताणून काखेपासून कंबरेपर्यंतचे माप पुन्हा घ्यावे. पॅराशूट उघडल्यावर ते वळवण्यासाठी व जमिनीवर उतरताना वेग मोडण्यासाठी डोक्यावरच्या दोन मुठी धरून खाली ओढायच्या असतात. ज्या जाकिटात हात वर जात नाही ते जाकीट हवेत कितीही छान फुगले तरी निरुपयोगी, किंबहुना घातक ठरते. या दोन मापांतील फरक भरून काढण्यासाठी अंगरख्यात काखेला कळी घालण्याची जी जुनी रीत आहे तीच येथे वापरावी आणि कळीला ताणले जाणारे कापड लावावे.

पहिला नमुना महागड्या कापडात करू नये. मांजरपाटावर खाका आखून, माया भरपूर सोडून, धावदोऱ्याने कच्ची शिलाई घालून पूर्ण सूट उभा करावा, आणि तो घालून त्यावर हार्नेस व कंटेनर चढवून पाहावा. या कामासाठी स्वतःचा कंटेनर हाताशी नसेल तर ज्या संचावर पुढे उडी मारायची आहे तोच संच मिळेपर्यंत थांबावे, कारण वेगवेगळ्या बनावटींच्या हार्नेसमध्ये मुठींची व पट्ट्यांची जागा काही सेंटिमीटरांनी बदलते आणि तेवढ्या फरकाने हवेच्या झडपेवर मांडीचा पट्टा येऊन ती बंद होऊ शकते. मांजरपाटावर पट्ट्यांच्या कडा खडूने आखून घ्याव्यात. या रेषा म्हणजे सूटाचा खरा नकाशा होय, आणि पुढचा प्रत्येक निर्णय त्यांच्याकडे पाहून घ्यावा.

कापडाबाबत बाजारात ‘पॅराशूट कापड’ या नावाखाली पातळ नायलॉनपासून पॉलिएस्टरपर्यंत काहीही दिले जाते, आणि यातील बराच माल सुरतेहून येतो. नावावर न जाता हातात घेऊन पारखावे. ओठांना कापड लावून फुंकर घातली असता हवा पलीकडे सहज जात असेल तर ते बाहेरच्या थराला चालणार नाही. पावसाळी जाकिटांसाठी मिळणारे टास्लान, आतून लेप दिलेले, मध्यम वजनाचे व हाताला किंचित खरखरीत लागणारे, पहिल्या सूटासाठी योग्य असते. अगदी गुळगुळीत कापड टाळावे, कारण त्यावरून मांडीचे पट्टे गुडघ्याकडे सरकू शकतात. आतल्या थरासाठी हलके, शरीराला चिकटून न बसणारे अस्तर घ्यावे. गुडघे व बैठक येथे उतरताना घासले जाते म्हणून कॉर्डुरा किंवा पिशव्यांसाठी वापरली जाणारी जाड मॅटी लावावी. काखेतील कळी व गुडघ्यामागची पट्टी यांना स्पॅन्डेक्स मिसळलेले, ताणले जाणारे कापड लागते. मध्यम उंचीच्या माणसाला ५८ इंची पन्ह्याचे बाहेरचे कापड चार-साडेचार मीटर व अस्तर तीन मीटरच्या आसपास पुरते. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांना टेकतो आणि नायलॉन उन्हाने कमकुवत होते, यास्तव कापड असो वा तयार सूट, तो गच्चीवर वाळत घालू नये किंवा गाडीच्या डिकीत दिवसेंदिवस ठेवू नये.

शिवण किती मजबूत हवी याबद्दल पुष्कळ गैरसमज असतात, आणि थोडे गणित केले की ते दूर होतात. दोन-अडीच किलोमीटर उंचीवर, सेकंदाला ५५ मीटर वेगाने जाताना समोरून येणाऱ्या हवेचा दाब सुमारे १,५०० पास्कल, म्हणजे चौरस मीटरला सुमारे दीडशे किलो असतो. हा आकडा ऐकून छाती दडपते खरी, पण पायाचा कप्पा सुमारे १२ सेंटिमीटर त्रिज्येच्या नळीएवढा धरला तर शिवणीच्या प्रत्येक सेंटिमीटर लांबीवर या दाबाने पडणारा ताण दोनशे ग्रॅमहूनही कमी भरतो. घरगुती यंत्रावरची नीट घातलेली टीप इतका ताण सहज पेलते. शिवण फाटते ती या दाबाने नव्हे. पॅराशूट उघडतानाच्या हिसक्याने, हार्नेसच्या पट्ट्यांखालच्या घर्षणाने, विमानात चढता-उतरताना कशाला तरी अडकल्याने आणि जमिनीवर घसरत उतरल्याने ती फाटते. म्हणून सरसकट सगळीकडे जाड दोरा घालून कापडाला भोकेच भोके पाडण्यापेक्षा पट्ट्यांखालच्या, जांघेच्या, काखेच्या व झडपांच्या कडांच्या शिवणी दुहेरी घालाव्यात. दोरा चांगल्या प्रतीचा पॉलिएस्टर किंवा बाँडेड नायलॉन घ्यावा, सुती कदापि नको. सुई १४ किंवा १६ नंबरची, टाका तीन ते साडेतीन मिलिमीटरचा, आणि माया दीड सेंटिमीटर. पायांच्या लांब शिवणींना कापडाच्या दोन्ही कडा एकमेकींत दुमडून वरून दोन समांतर टिपा घालण्याची जीन्सची पद्धत वापरली तर हवाही कमी गळते. लेप दिलेल्या कापडाला टाचण्या टोचल्या की त्यांची भोके तशीच राहतात, तेव्हा टाचण्यांऐवजी चिमटे वापरावेत. कापलेली कड गरम सुरीने वा सोल्डरिंगच्या टोकाने वितळवून बंद करावी. हलके नायलॉन यंत्राखाली सरकते व शिवण चुणते, त्यासाठी दोऱ्याचा ताण सैल करून आधी तुकड्यांवर टीप जुळवून घ्यावी.

आता पॅन्टकडे वळता येईल. पुढे जाण्याच्या कामात पायांचा वाटा मोठा असल्यामुळे पहिल्या वेळी केवळ पॅन्ट शिवून, वर अंगाला बसणारे साधे जाकीट घालून उड्या माराव्यात आणि जाकीट नंतर करावे, असा क्रम अधिक शहाणपणाचा होय. प्रत्येक पायाला आतील अस्तर व बाहेरचे कापड असे दोन थर असतात. बाहेरच्या थराचा घेर आतील थरापेक्षा १२ ते १५ सेंटिमीटरनेच जास्त ठेवावा, कारण फार मोठा घेर नवख्याला आवरत नाही. दोन थरांच्या मध्ये, मांडी, गुडघा व पोटरी या तीन पातळ्यांवर जाळीच्या आडव्या पट्ट्या शिवल्या म्हणजे कप्पा चेंडूसारखा गोल न फुगता चपटा राहतो आणि हवाही जाळीतून खालपर्यंत जाते. हवा आत घेणारी झडप मांडीच्या पुढच्या अंगाला, मांडीच्या पट्ट्याच्या खडूने आखलेल्या रेषेपासून किमान चार बोटे खाली, तोंड डोक्याच्या दिशेला करून बसवावी, कारण ट्रॅकिंगमध्ये वारा समोरून व खालून तिरपा येतो. सुमारे १२ सेंटिमीटर रुंद व ४ सेंटिमीटर उंच झडप आरंभाला पुरते. झडपेचे तोंड वाऱ्यात दबून बंद होऊ नये म्हणून त्याच्या कडेला २० मिलिमीटर रुंदीची नायलॉन पट्टी दुहेरी शिवावी आणि तोंडावर घट्ट जाळी लावावी. जाळी नसेल तर बोट, मूठ किंवा पायलट शूटाची दोरी त्यात अडकण्याचा धोका राहतो. खालच्या बाजूला पाय घोट्यावर चेन व वेलक्रोने बंद व्हावा, आणि बुटाखालून जाणाऱ्या रुंद इलॅस्टिक पट्टीने तो खाली धरला जावा. बूट झाकणारे पूर्ण मोजे शिवण्याच्या भानगडीत पहिल्या सूटात पडू नये, त्याने विमानात पाय घसरतो.

दोन पाय तंतोतंत सारखे असणे हे पॅन्टच्या बाबतीत सर्वांत कठोरपणे पाळायचे पथ्य आहे. वर सांगितलेल्या दाबाने १०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे तळहाताएवढ्या, जास्तीच्या कापडावर सुमारे दीड किलोचा जोर पडतो. एका पायाला एवढे कापड अधिक असेल तर शरीर सतत एका बाजूला वळत राहते, स्कायडायव्हर ते नकळत दुसऱ्या पायाने सावरत राहतो, आणि ज्या मिनिटात त्याचे लक्ष उंचीवर व आजूबाजूच्या माणसांवर हवे ते या ओढाताणीत जाते. त्यासाठी दोन्ही पायांचे कापड दुहेरी घडी घालून एकाच वेळी कापावे, उभा धागा दोन्हींकडे एकाच दिशेने ठेवावा, आणि झडपा शिवण्याआधी कंबरपट्ट्यापासून त्यांचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजून पाहावे. फरक अर्धा सेंटिमीटरहून जास्त निघाला तर उसवून पुन्हा शिवावे, यात आळस करू नये.

जाकीट हार्नेसच्या आत घालायचे असते. त्याचा पुढचा भाग फुगला तर तो हार्नेसच्या उभ्या पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंनी वर येतो आणि छातीवरच्या दोन मुठी त्यात बुडतात. म्हणून पट्ट्यांच्या आजूबाजूचा १५ सेंटिमीटरचा भाग एकेरी ठेवावा व हवेचे कप्पे फक्त बाह्यांच्या वरच्या भागाला, खांद्यापासून कोपरापर्यंत द्यावेत. कोपराखाली बाही घट्ट व मनगटाशी वेलक्रोने बंद असावी, कारण उजव्या हातानेच पायलट शूट फेकायचे असते आणि तेथे लोंबणारी प्रत्येक गोष्ट त्याच्या दोरीत गुंतू शकते. डाव्या मनगटावरील उंचीमापक बाहीखाली जाता कामा नये. जाकिटाची मागची कड हा आणखी एक धोक्याचा भाग आहे : हात मागे नेल्यावर व वारा भरल्यावर कड वर सरकून कंटेनरच्या तळावर येते आणि मुख्य मूठ तिच्याखाली दडते. त्यावर उपाय म्हणजे जाकीट आखूड करून त्याची कड चेनने पॅन्टच्या कंबरपट्ट्याला आतून जोडणे. नुसती कड पॅन्टमध्ये खोचणे पुरेसे नाही, ती सुटते. चेन १० नंबरची व मोठ्या पट्टीची घ्यावी, आणि मानेखाली आणखी एक वेलक्रो पट्टी ठेवावी. बाहेरून उघडे खिसे, टोप्या, सजावटीच्या दोऱ्या यांना या कपड्यात स्थान नाही.

शिवून झालेल्या सूटाची पारख सावकाश करावी. आधी झडपेत ब्लोअर लावून एकेक पाय फुगवावा व मांडी, गुडघा व पोटरी येथील घेर फितीने मोजून दोन्ही पायांची तुलना करावी. हवा कोठून गळते ते ओला हात फिरवून कळते. पुढे सूट, हार्नेस, हेल्मेट, हातमोजे असा पूर्ण साज चढवून, कप्पे फुगवलेले ठेवून, बाकावर पालथे झोपून मुठींचा क्रम करावा : उजवा हात मागे मुख्य मुठीवर, मग दोन्ही हात छातीवर, उजवी मूठ, डावी मूठ. ही कृती न पाहता, केवळ स्पर्शाने, एकदाही न चुकता होत नाही तोवर सूट तयार झाला असे समजू नये. दुसऱ्या कोणी तरी बाजूने पाहून कापड कोठे मुठीवर येते ते सांगावे. त्यानंतर हार्नेस छताला टांगून हात डोक्यावर नेऊन पाहावेत. मांडीचे पट्टे पॅन्टच्या फुगीर कापडात दिसत नाहीत आणि सैल असूनही घट्ट वाटतात, या एका गोष्टीची आठवण विशेषत्वाने ठेवावी. प्रत्येक उडीपूर्वी ते कापड बाजूला सारून हाताने तपासावेत आणि विमानात चढल्यावर पुन्हा एकदा ओढून पाहावेत. उभ्या वाऱ्याचे बोगदे, ज्यांत खालून वर येणाऱ्या हवेवर माणूस तरंगतो, ते शरीराचा तोल शिकवण्यासाठी उत्तम असले तरी ट्रॅकिंगमधला तिरपा वारा तेथे नसतो, तेव्हा बोगद्यातील यशावरून सूटाविषयी निष्कर्ष काढता येत नाही.

घरी काय शिवावे आणि कशाला हात लावू नये, याविषयी इतिहासाचा दाखला स्पष्ट आहे. पॅरिसमधील शिंपी फ्रान्झ रायशेल्ट याने स्वतः शिवलेल्या पॅराशूट-पोशाखात ४ फेब्रुवारी १९१२ रोजी आयफेल टॉवरच्या पहिल्या मजल्यावरून, सुमारे ५७ मीटरवरून, उडी घेतली. परवानगी बाहुली टाकून पाहण्याची होती, उडी त्याने स्वतः मारली आणि तो जागीच मरण पावला. कापडी पंखांनी लाखो प्रेक्षकांना थक्क करणारा अमेरिकन क्लेम सोन २५ एप्रिल १९३७ रोजी फ्रान्समधील व्हेन्सेन येथे पॅराशूट न उघडल्याने गेला. आधुनिक विंगसूटचा प्रणेता फ्रेंच पात्रिक द गायार्दाँ याचा १३ एप्रिल १९९८ रोजी हवाईमध्ये जो मृत्यू झाला त्याचे कारण सूटात नव्हते. कंटेनरात त्याने जो बदल केला होता त्यातील चूक त्याला भोवली. त्याच्यासारख्या अनुभवी माणसाच्या हातूनही हे घडले, ही बाब प्रत्येक घरगुती कारागिराने मनात कोरून ठेवण्यासारखी आहे. सूट माणसाचा आहे, तो घरी शिवावा, उसवावा, पुन्हा शिवावा; परंतु हार्नेस, कंटेनर, पायलट शूट, मुठी व त्यांच्या दोऱ्या यांवर घरच्या सुईचा एकही टाका पडता कामा नये. ते काम रिगरचे, म्हणजे पॅराशूट घडी घालण्याचे व दुरुस्त करण्याचे अधिकृत प्रमाणपत्र असलेल्या तज्ज्ञाचे आहे, आणि नवा सूटही पहिल्या उडीआधी त्याला घालून दाखवावा.

पहिल्या उड्यांबाबत थोडक्यात सांगायचे तर, त्या एकट्याने, उड्डाणस्थळाच्या प्रमुखास सूट घरगुती असल्याचे सांगून व त्याने ठरवलेल्या क्रमानेच घ्याव्यात. विमान ज्या सरळ रेषेत जात असताना गट एकामागून एक बाहेर पडतात त्या रेषेच्या दिशेने ट्रॅकिंग केल्यास आधी बाहेर पडलेल्या वा मागून येणाऱ्या गटाच्या पॅराशूटांखाली किंवा वर जाण्याचा धोका असतो, म्हणून रेषेशी काटकोनात वळूनच पुढे जावे. पहिल्या उडीत अंतर कापण्याचा हव्यास न धरता उंचावरच दोन-तीन वेळा मुख्य मुठीपर्यंत हात नेऊन परत आणावा. पॅराशूट नेहमीपेक्षा वर, साधारण ५,००० फुटांवर उघडावे, आणि उघडण्यापूर्वी हातपाय पसरून पुढचा वेग मोडून पोटावर सपाट यावे, कारण ट्रॅकिंगच्या भरवेगात उघडलेले पॅराशूट मानेला व खांद्यांना जबर हिसका देते. ठराविक उंचीखाली माणूस वेगाने पडत राहिल्यास राखीव पॅराशूट आपोआप उघडणारे उपकरण, म्हणजे एएडी, अंगावर असावेच. त्यांपैकी प्रचलित अशा सायप्रेसचे नेहमीचे स्वरूप सुमारे ७५० फुटांवर, सेकंदाला ३५ मीटरहून अधिक वेग असेल तर कार्यान्वित होते. या उंचीला पोहोचलेल्या माणसाजवळ उरलेला वेळ इतका अल्प असतो की त्या उपकरणाच्या भरवशावर कोणतीही योजना आखू नये.

प्रत्येक उडीनंतर सूट उलटा करून पट्ट्यांखालच्या शिवणी पाहाव्यात व सरकलेला टाका त्याच दिवशी दुरुस्त करावा. ज्याच्या नावावर अजून स्वतंत्र उड्यांचा परवाना नाही, किंवा ज्याला पोटावर स्थिर राहून ठरलेल्या उंचीवर न चुकता पॅराशूट उघडणे अजून सवयीचे झालेले नाही, त्याने सध्या मांजरपाटाचा नमुना खुशाल शिवावा, पण तो घालून विमानात बसू नये.